आमच्या घरी कुणी जाहिरात बघत नाही

कोलकात्याच्या विमानतळावरून न्यू टाउनकडे निघालं की विश्व बांगला सरणीवर फलक सुरू होतात. एका फलकावर जोडपं बाल्कनीत उभं असतं, हातात कप, समोर तळं. पुढच्यावर पाच डॉक्टर हाताची घडी घालून हसत असतात. मग सोन्याच्या बांगड्या, मग सिमेंट, मग पुन्हा बाल्कनी. ही बाल्कनी मी नीट निरखून बघितली आहे. तिथे वाळत घातलेला एकही कपडा नसतो. न्यू टाउनच्या खऱ्या बाल्कन्यांत दुसरं काहीच नसतं. आमच्या समोरच्या इमारतीत कुठल्या मजल्यावर पाहुणे आलेत ते टॉवेल मोजून सांगता येतं.

तक्रार करण्यात अर्थ नाही, कारण हे गाव आधी फलकांवर वसलं आणि मग जमिनीवर. राजारहाटची भातखाचरं आणि मासे पाळायची तळी होती इथे. 1999 मध्ये हिडको ही सरकारी कंपनी निघाली, आखणी झाली, रुंद रस्ते आले आणि गावाच्या भागांना ॲक्शन एरिया एक, दोन, तीन अशी नावं मिळाली. सांगलीच्या नातेवाइकांना हा पत्ता सांगितला की ते आवाज खाली आणून विचारतात, "तिकडे सगळं ठीक आहे ना?" ॲक्शन म्हणाल तर टोटोवाल्याशी, म्हणजे बॅटरीच्या रिक्षावाल्याशी, दहा रुपयांवरून होते तेवढीच. बाकी सुट्टीच्या दिवसाचा कार्यक्रम ठरलेला. इको पार्कात जगातल्या सात आश्चर्यांच्या नकला उभ्या केल्यात, त्या पाहुण्यांना दाखवायच्या आणि परतताना मॉलमध्ये शिरायचं. आश्चर्य वाटायची वेळ तिथे बिल होताना येते.

सांगलीला गावभागात सासूबाईंचा एक वाणी होता. यादी वाचतानाच तो दोन नावं खोडायचा. "वहिनी, तूरडाळ आत्ता नेऊ नका, शुक्रवारी नवी येतेय." किंवा, "हा चहा तुमच्या मालकांना आवडायचा नाही." मालकांना कुठला चहा आवडतो हे त्याला कसं ठाऊक, असा प्रश्न कुणाला पडत नसे. तो फसवायचा नाही असंही नाही. रवा हमखास जुना द्यायचा. पण कुठे फसवतो ते माहीत होतं, त्यामुळे रवा दुसरीकडून आणायचा आणि बाकीच्या बाबतीत निर्धास्त राहायचं. न्यू टाउनमध्ये असा वाणी नाही. असणार कुठून? आमच्या मजल्यावर एक घर बेहालाहून आलेलं, एक सिलिगुडीचं, एक पाटण्याचं, आणि आम्ही. कणीक कुणाची चांगली, मोहरीचं तेल कुठलं अस्सल, हे विचारायचं कुणाला? ज्याला विचारावं तोही कालपरवाच आलेला. जुन्या गावात माणसं माणसांना सांगतात. नव्या गावात ते सांगायचं काम जाहिरातीकडे जातं, आणि ती ते फार आनंदाने करते.

आमच्या लिफ्टमध्येही ती आहे. दाराशेजारी एक पडदा बसवलाय, त्यावर दिवसभर काही ना काही चालू. लिफ्टमध्ये माणसाने बघायचं तरी कुठे? शेजाऱ्याकडे टक लावून बघणं बरं दिसत नाही, आपल्याच चपलांकडे फार वेळ बघवत नाही, मग नजर पडद्यावर जाते. तळमजल्यावर तुपातली बिस्किटं दिसतात, सातव्या मजल्याच्या सुमाराला साखर ताब्यात ठेवायच्या गोळ्या आणि आमचा मजला येईपर्यंत गुडघ्याची शस्त्रक्रिया. एका चढणीत माणसाचं पुढलं सगळं आयुष्य उरकून टाकतात.

तरीही घरात कुणालाही विचारा, उत्तर एकच: आम्ही जाहिराती बघत नाही. नवरा आवाज बंद करतो. लेक पाच सेकंद संपायच्या आत बटन दाबते. सासूबाई नेमक्या त्याच वेळी कुकर लावायला उठतात. आणि महिन्याच्या सामानात मात्र फलकावरची, पडद्यावरची, टोटोच्या पाठीवरची एकूण एक नावं हजर असतात.

हे कसं होतं याचा एक नमुना रविवारी सोसायटीच्या आवारात बघायला मिळतो. गेटच्या आत छत्रीवजा मांडव टाकून कुणी ना कुणी बसलेलं असतं. कधी इंटरनेटवाले, कधी शाळेचे प्रवेश, कधी मोफत डोळे तपासणी. त्या रविवारी पाणी शुद्ध करायच्या यंत्राचा विक्रेता होता. कडक इस्त्रीचा मुलगा, गळ्यात टाय, घामाने डबडबलेला. त्याने टेबलावर दोन ग्लास मांडले, एकात सोसायटीच्या नळाचं पाणी, दुसऱ्यात त्याच्या यंत्रातलं. दोन्हींत सळ्या बुडवल्या आणि बटन दाबलं. मिनिटभरात नळाचं पाणी आधी पिवळट झालं, मग तपकिरी, मग त्यात गाळासारखं काहीतरी तरंगायला लागलं. यंत्राचं पाणी जसंच्या तसं. जमलेल्या बायकांच्या तोंडून एकदम "ई!" असा आवाज निघाला. भाषा बंगाली असो, हिंदी असो की मराठी, तो आवाज सारखाच.

लेक दहावीत आहे आणि त्या वयातलं सगळं ज्ञान तिच्याकडे ताजं आहे. ती म्हणाली, "आजी, पाण्यात काही नव्हतं. सळी लोखंडाची आहे, विजेने तीच झिजतेय. यंत्राच्या पाण्यात क्षारच उरलेले नाहीत, त्यामुळे त्यातून वीज धड जात नाही." मग तिने विक्रेत्याला अगदी गोड आवाजात विचारलं, "दादा, त्या स्वच्छ ग्लासात चिमूटभर मीठ टाकून बघू या?" दादांना त्याच क्षणी एक महत्त्वाचा फोन आला.

प्रयोगशाळेत हा विषय इथेच संपला असता. आमच्या घरी तो तिथून सुरू झाला. सासूबाईंना सगळं समजलं होतं. लेकीने वहीत आकृतीही काढून दाखवली होती. पण पाणी पिण्याआधी त्या ग्लास खिडकीपाशी नेऊन उजेडात धरायला लागल्या. "कळलं गं मला," त्या म्हणाल्या, "पण रंग बघितलास ना तू?" मला वाटतं जाहिरात म्हणजे काय हे याहून नेमकं सांगता यायचं नाही. ती खोटी आहे हे कळतं, ती कशी खोटी आहे हेही कळतं, आणि रंग डोळ्यांसमोरून हलत नाही.

सासूबाई इथे आल्या तेव्हा त्यांना बंगालीचा गंध नव्हता. शिकवलं जाहिरातींनीच. दूरदर्शन संचावर वाहिन्यांची सगळी गर्दी बंगाली, पण जाहिराती त्याच. तोच नट, तेच चकचकीत स्वयंपाकघर, सदऱ्यावरच्या त्याच डागाकडे बघून तीच बाई दचकते. फक्त दचकते बंगालीत. मराठीत पाठ झालेला धडा पुन्हा बंगालीत वाचायला मिळाला, त्यामुळे त्या भराभर पुढे गेल्या. परिणाम असा की त्यांना 'पोस्ट ऑफिस कुठे आहे' विचारता येत नव्हतं, पण केसगळती, जंतू आणि हट्टी डाग या विषयांवर त्या बंगालीत सुचेल ते बोलू शकत होत्या. जात्रागाछीच्या बाजारात पहिल्यांदा गेल्या तेव्हा एका वांग्यावर बोट ठेवून त्यांनी विक्रेतीला ठणकावलं, "एटा जेदी दाग!" ती बाई एवढी हसली की तिने ते वांगं बाजूला काढून दुसरं दिलं, आणि त्या दिवसापासून त्या दोघींचं जमलं.

घासाघीस मात्र त्या इथे शिकल्या नाहीत. ती त्यांनी सर्फच्या जाहिरातीतल्या ललिताजींकडून घेतली. 1980 च्या दशकात निरमाने सर्फच्या तोंडचं पाणी पळवलं होतं, तेव्हा लिंटास या जाहिरात कंपनीच्या अलिक पदमसींनी ही बाई उभी केली. कविता चौधरींनी ती इतकी खमकी वठवली की भाजीवाल्याशी पैशापैशासाठी भांडणारी बाई महाग पावडर का घेते, हे अख्ख्या देशाने मन लावून ऐकलं. सासूबाईंनीही ऐकलं. ललिताजींसारखी मान वळवून त्या भाजीवाल्याकडे बघायला लागल्या, सुटे पैसे मोजून घ्यायला लागल्या, आणि घरी पावडर आणली निरमाच. स्वस्तात मिळत असताना महाग का घ्यायची, हा विचार त्यांच्या मते ललिताजींचाच होता. जाहिरात माणसाला बदलते यात शंका नाही. कंपनीला हवं तसंच बदलते असं मात्र नाही, आणि या फटीत आपल्यासारख्यांचा थोडाफार मान शिल्लक राहतो.

दर दिवाळीत सांगलीहून येणाऱ्या सामानात मोती साबण असतो. इथेही मागवता येतो, पण तो तिकडूनच यावा लागतो. मी एकदा म्हटलं, "आई, तीही जाहिरातच आहे." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी पणतीच विझवली. मोती म्हणजे जाहिरात नाही, मोती म्हणजे दिवाळी. टाटा ऑइल मिल्सचा हा साबण पुढे हिंदुस्तान लिव्हरकडे गेला, दरम्यान पहाटेच्या अंघोळीला त्याची जागा इतकी पक्की झाली की उटणं कधीकधी राहून जातं, मोती राहत नाही. नरकासुराच्या कथेत साबणाला जागा कुठे आहे ते मला अजून सापडलेलं नाही, पण आमच्या नरक चतुर्दशीला आहे.

समोरच्या फ्लॅटमधल्या काकीमांचा मोती म्हणजे बोरोलीन. 1929 मध्ये गौरमोहन दत्तांनी कोलकात्यात काढलेलं हे मलम, हिरवी ट्यूब, वर हत्तीचं चित्र. ओठ फुटले, गुडघा खरचटला, हात भाजला, बोरोलीन. सासूबाईंच्या टाचांच्या भेगांवर त्यांनी ते स्वतः लावून दिलं, आणि परतफेड म्हणून सासूबाईंनी मोतीची एक वडी दिली. काकीमांनी ती कपड्यांच्या कपाटात ठेवली, वासासाठी. दोघी आपापल्या वस्तूविषयी बोलताना आवाज असा करतात की जणू माहेरचा विषय निघाला आहे. त्यांना कुणी काही विकलं होतं, हे दोघींनाही आठवत नाही. जुनी झालेली जाहिरात अशीच असते. तिची रीत होते, रीतीचं वळण होतं, आणि मग ती मोडायची कुणाची छाती नसते.

जाहिरातीच्या कामात कोलकात्याचा हात कुणी धरू नये. एच. बोस म्हणून ओळखले जाणारे हेमेंद्रमोहन बोस केसांचं कुंतलीन तेल आणि देलखोश अत्तर बनवायचे. 1896 मध्ये त्यांनी कथास्पर्धा सुरू केली. अट एकच: कथेत कुंतलीन आणि देलखोश आले पाहिजेत, पण जाहिरात वाटता कामा नये. पहिलं बक्षीस मिळालं ते साक्षात जगदीशचंद्र बोसांना. कथेत कोलकात्यावर चाल करून येणारं चक्रीवादळ बेपत्ता होतं. वेधशाळा चक्रावून जाते. शेवटी उलगडा होतो की बोटीवरल्या एका प्रवाशाने समुद्रात केसांच्या तेलाची बाटली ओतली होती. बंगालीतल्या पहिल्या विज्ञानकथांमध्ये ही गणली जाते. पुढे शरच्चंद्र चट्टोपाध्यायांची 'मंदिर' ही कथाही याच स्पर्धेत बक्षीस घेऊन गेली, 1903 मध्ये, आणि तीही त्यांनी मामाच्या नावावर पाठवलेली. रवींद्रनाथांनी मुंबईच्या गोदरेजच्या साबणाची शिफारस केली होती. सत्यजित राय 1943 मध्ये डी. जे. कीमर या जाहिरात कंपनीत चित्रकार म्हणून लागले, पगार महिना ऐंशी रुपये, आणि 'पथेर पांचाली' पडद्यावर येईपर्यंत त्यांचं घर जाहिरातींवरच चाललं. आजकाल फोनमध्ये कुणी पोरगी लिपस्टिक दाखवते तेव्हा काकीमांचे यजमान कपाळावर हात मारून घेतात. ते इंग्रजीचे निवृत्त प्राध्यापक आहेत. मी त्यांना जगदीशचंद्रांच्या तेलाची आठवण करून दिली. "ते साहित्य होतं," ते म्हणाले. अटीत तेच तर लिहिलं होतं.

प्राध्यापकांना मराठी माणूस दिसला की बर्गी आठवतात. इथे कुणालाही आठवतात. 1742 पासून दहा वर्षं नागपूरकर भोसल्यांच्या फौजांनी जो धुमाकूळ घातला त्याची अंगाईगीतं झाली आहेत. एकदा मी पंचवीस टक्के सवलतीत घेतलेली कढई कौतुकाने दाखवत होते. ते चष्म्यावरून बघत म्हणाले, "तुमचे पूर्वज चौथाई वसूल करायला आले होते. तुम्ही चौथाई सूट मिळाली की खूश! काय ही अवनती." 1751 मध्ये अलीवर्दी खानाने वर्षाला बारा लाखांची चौथाई कबूल केली होती, हेही त्यांनी जाता जाता सांगितलं. यावर माझ्याकडे उत्तर होतं, सखाराम गणेश देऊस्कर. देवघरचा हा मराठी माणूस बंगालीत लिहायचा. 1904 मध्ये त्याचं 'देशेर कथा' आलं, परदेशी मालाने देशाचे किती पैसे बाहेर जातात त्याचा रोकडा हिशेब, आणि पुढल्याच वर्षी स्वदेशीची चळवळ पेटली तेव्हा ते घराघरांत वाचलं गेलं. 1910 मध्ये सरकारने त्यावर बंदी घातली. बंगाली माणसाने दुकानात कुठल्या वस्तूकडे पाठ फिरवावी हे एका मराठी लेखकाने सांगितलं आणि त्याने ऐकलं. विकायला काही नसताना केलेली इतकी परिणामकारक जाहिरात दुसरी मला माहीत नाही. प्राध्यापक जरा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "कढई बरी आहे."

इथलं वर्ष बैशाखात सुरू होतं, म्हणजे एप्रिलच्या मध्यावर. त्याआधीचा चैत्र म्हणजे जुना माल काढायचा महिना. गडियाहाट आणि हातीबागानच्या फुटपाथांवर चैत्र सेल लागतो, विक्रेते 'सेल सेल सेल' असं एका दमात ओरडत असतात, आणि रस्ता आहे की चादरींचा ढीग ते समजत नाही. आमचा गुढीपाडवा नेमका याच सुमाराला येतो. आम्ही नव्या वर्षाची नवी वस्तू घ्यायला निघतो तेव्हा इथला दुकानदार जुन्या वर्षाचा माल फुंकत असतो, आणि पंचांगातल्या या फरकाचा पुरेपूर फायदा मराठी बायका घेतात. हाजरा रोडच्या महाराष्ट्र निवासात चैत्रगौरीच्या सुमाराला कुणी भेटली की आंब्याची डाळ चाखता चाखता पहिला प्रश्न असतो, "गडियाहाटला जाऊन आलात?"

चैत्र सेलमागे दुकानदाराची खरी अडचण तरी आहे. काही सण मात्र नुसत्या फलकांवर उगवलेत. काकीमा सांगतात, त्यांच्या लहानपणी कालीपूजेच्या आदल्या दिवशी चौदा प्रकारच्या पालेभाज्या खायच्या आणि चौदा दिवे लावायचे. धनतेरस कुणाच्या गावीही नव्हती. आता त्या दिवशी सराफाच्या दुकानाबाहेर रांग असते. सासूबाई म्हणतात, आमच्याकडेही धनत्रयोदशीला धणे आणि गूळ, यमासाठी दिवा, झालं. दोघींना सगळं ठाऊक आहे. दोघी बरोबर गेल्या होत्या, घडणावळीवर सूट किती आहे ते नुसतं विचारायला. काकीमांनी नथ घेतली, सासूबाईंनी शंख-पोला बघून ठेवला. प्रजासत्ताक दिनाचंही तेच. 26 जानेवारी 2006 ला बिग बाजारने 'सबसे सस्ता दिन' काढला, दुकानं आवरेनात एवढी गर्दी लोटली. बिग बाजार गेला. पण झेंडावंदन आटोपून गाडी मॉलकडे वळवायची ती सवय राहिली.

पूजेचं तर काय सांगावं. दुर्गापूजेच्या महिनाभर आधीपासून रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बांबूंचे सांगाडे उभे राहतात आणि त्यावर फलक चढतात, आईचं आगमन कधी ते बिस्किटवाले सांगतात. नाक मुरडायला आम्ही मोकळे नाही. पुण्या-मुंबईच्या गणपतीच्या कमानी डोळ्यांसमोर आहेत. पण इथे एक वेगळी गोष्ट घडली. 1985 मध्ये मुंबईच्या एशियन पेंट्सने चांगल्या पूजांना बक्षीस द्यायला सुरुवात केली, शारद सम्मान. हेतू रंग खपवण्याचाच असणार. पण बक्षिसासाठी मंडळांमध्ये चुरस लागली, चुरशीतून कल्पना लढवल्या जायला लागल्या, मोठे कलाकार मांडवांकडे वळले, आणि आज जग जे मांडव बघायला येतं त्यात या बक्षिसाचा वाटा आहे हे कोलकात्याची माणसं स्वतः सांगतात. रंग किती खपला कुणास ठाऊक. न्यू टाउनच्या आमच्या सोसायटीची पूजा अजून लहान आहे, पण समितीच्या बैठकीत दोनच विषय असतात, यंदाची थीम आणि यंदाचा प्रायोजक. यंदा प्रायोजक आधी ठरला आणि थीम त्याला शोभेल अशी काढली. गाद्यांचा व्यापारी होता. थीम ठेवली 'विश्रांती'.

घराबाहेर पडायचं नाही म्हटलं तरी सुटका नाही. दहा मिनिटांत सामान आणून देणारी ॲप न्यू टाउनच्या रस्त्यांना फार मानवली आहेत. रुंद रस्ते, आखीव गल्ल्या, प्रत्येक इमारतीला नंबर. कोथिंबीर संपली म्हणून मी फोन उघडते. कोथिंबीर स्वस्त असते, पण पडदा सांगतो की आणखी थोड्या रुपयांचं घेतलंत तर घरपोच यायचे पैसे पडणार नाहीत. ते वाचवायला बिस्किटं घेते. बिस्किटांवर बिस्किटं आहेत, ती घेते. मग वर एक घड्याळ उलटं चालायला लागतं, एवढ्या मिनिटांत घेतलंत तर तूप स्वस्त. शेवटी दारात पिशवी येते ती दोन हातांनी उचलावी लागते, आणि आत कोथिंबीर नसते, कारण ती मध्येच संपलेली असते. सरकारने 30 नोव्हेंबर 2023 ला अशा तेरा क्लृप्त्यांची यादी करून त्यांना मनाई केली: खोटी घाई लावणं, न विचारता टोपलीत वस्तू सरकवणं, नको म्हणणाऱ्याला ओशाळं करणं, किंमत थेंबाथेंबाने वाढवत नेणं. यादी सासूबाईंना वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, "न विचारता पिशवीत टाकणं तेवढं आमचा वाणी करायचा. पण तो कढीपत्ता टाकायचा."

कढीपत्ता फुकट टाकायच्या या रीतीने शेवटी मोठमोठ्यांना नमवलं. मुंबईच्या एका गृहस्थांनी 2024 च्या मे महिन्यात जाहीर तक्रार केली की ब्लिंकिट या ॲपवर कोथिंबिरीचे पैसे द्यावे लागतात हे बघून त्यांच्या आईला धक्काच बसला. ब्लिंकिटने ऐकलं आणि भाजीबरोबर कोथिंबीर फुकट द्यायला लागले. देशभर कौतुक झालं. भाजीवाली मावशी शतकानुशतकं जे करत आली ते केल्याबद्दल कंपनीची बातमी छापून आली. मावशीची कधी आली नाही. इथल्या फुचकावाल्यालाही, म्हणजे पाणीपुरीवाल्यालाही, ही बुद्धी आहे. पैसे चुकते झाले की तो शेवटचा एक फुचका 'फाउ' म्हणून हातावर ठेवतो, आणि त्या एका फुकटच्या फुचक्यासाठी माणसं दुसरा चौक ओलांडून त्याच्याकडेच येतात. प्राध्यापकसुद्धा. त्यांना विचारलं तर म्हणतात, इथलं चिंचेचं पाणी चांगलं असतं.

सासूबाई आता इथे रुळल्या आहेत. जात्रागाछीच्या त्या वांगीवाल्या बाईंकडे त्या एक दिवसाआड टोटोने जातात, आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वांग्याचा फोटो टाकून खाली मराठी वळणाच्या बंगालीत दोन ओळी लिहितात. हे काटेवालं, हे भरताचं, ह्यात बी नाही. बघता बघता तीन टॉवरमधल्या बायका त्या बाईंकडे जायला लागल्या. नव्या गावाला शेवटी वाणी मिळाला, आणि तो आमच्याच घरातून. गर्दी वाढली तशी वांग्याची किंमत किलोमागे दहा रुपयांनी वर गेली. सगळ्यांना एकच भाव, पण सासूबाईंच्या पिशवीत न मागता कोथिंबिरीच्या दोन जुड्या पडतात.

"आजी, तू इन्फ्लुएन्सर झालीस," लेक म्हणाली. "आणि हे तुझं मानधन."

"मानधन कसलं? ओळख आहे माझी." त्यांनी पिशवी ओट्यावर उपडी केली आणि भाजी निवडता निवडता थांबल्या. कोथिंबीर एकच जुडी होती. त्यांनी पिशवी पुन्हा झटकून बघितली.

"माझा फोन कुठाय?" त्या म्हणाल्या. "तिच्या पलीकडे बसतो ना, त्याच्याकडे दोडके फार कोवळे होते आज. ग्रुपवर सांगायला हवं."